स्टोव्हखालची

एर्नाल्दो गेला, आणि माझ्याकडे आलं ते एवढंच:
लोखंडी स्टोव्ह,
पोतंभर लोकरी स्वेटरं,
आणि अर्ध्या कानाची करडी मांजर.
घरही तुमचंच, असं वकील म्हणाला.
मांजरीला ते मान्य नव्हतं.

पुन्ता अरेनासमध्ये वारा पाहुण्यासारखा येत नाही,
वसुलीला आल्यासारखा येतो.
पत्रे वाजवतो, कडी हलवून बघतो.
पहिला आठवडा ती स्टोव्हखाली, मी टेबलाशी,
आणि मधे तोच काय तो बोलत राहिला.

चाळीस वर्षं शिवणकाम केलं,
मापं घ्यायची सवय. तिचंही घेतलं:
हात लांबवला की ती एक वीत मागे,
स्टूल सरकवलं की दोन.
मासळी दिली, मेंढीचं काळीज दिलं.
रात्री वाटी चाटूनपुसून लख्ख,
सकाळी ओळखदेख नाही.
मांजर म्हणे डोळे मिटून दूध पितं.
ही टक्क उघड्या डोळ्यांनी प्यायची,
उरलेला कान माझ्या सपातांवर ठेवून.

शेजारचे स्टिपिचिच म्हणाले, तो तिला शीळ घालायचा.
मला पुढचे दोन दात नाहीत.
माझी शीळ म्हणजे नुसता वारा,
आणि तो बाहेर फुकट होता.
नाव विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नाही.
"फार हळू बोलायचा तिच्याशी.
कुणी ऐकू नये असं."

मग मी नावं लावून पाहिली:
त्याच्या बोटीचं,
आमच्या आईचं,
पोर्वेनीरच्या त्या बाईचं, जिच्यापायी तो एक अख्खा हिवाळा प्यायला.
मांजर ढिम्म.

भावाशी माझा अकरा वर्षं अबोला होता.
कारण सांगायला लाज वाटते:
आईचं जुनं शिवणयंत्र कुणी विकलं.
अकरा वर्षं, आणि मधे फक्त पाच गल्ल्या.
मांजर सात वर्षांची.
म्हणजे ती सबंध अबोल्यातच वाढलेली.

जूनमध्ये इथे सकाळी दहाशिवाय उजाडत नाही.
अशाच एका काळोख्या नऊ वाजता
लाकूड आत सारताना मनगट भाजलं
आणि तोंडातून निघालं ते त्याचं वाक्य, त्याच्याच हेलात,
मी सहा वर्षांची असताना
आगीशी लुडबुडले की तो म्हणायचा ते:
"थांब की गं, पुल्गा. जळशील."

पुल्गा म्हणजे पिसू.
मी एवढीशी होते म्हणून.
जगात तो एकटाच म्हणायचा.

स्टोव्हखालून डोकं बाहेर आलं.
अर्धा कान, पिवळे डोळे.
काय? असं.

मी फरशीवर बसले.
साठी ओलांडलेले गुडघे, त्यांना वेळ लागला.
हात पुढे केला नाही.
पुन्हा म्हटलं, पुल्गा,
आणि कोणाला हाक मारतेय ते मलाच नीट कळेना.
ती आली.
भाजलेलं मनगट हुंगलं,
डागाच्या शेजारून एकदाच जीभ फिरवली,
काचकागदासारखी खरखरीत,
आणि परत गेली.

मांडीवर ती अजून बसत नाही.
मी आग्रह करत नाही.
त्याचं निळं स्वेटर घालते, बाह्या दोनदा दुमडून.
आता ती माझ्याकडे पाठ करून जेवते.
आमच्या घराण्यात
पाठ फिरवण्याचा हा पहिलाच चांगला अर्थ.

परवा कुंपणापलीकडून स्टिपिचिच ओरडले,
कोणाशी बोलतेस गं एवढं?
म्हटलं, कबुली देतेय.
मशीन मीच विकलं होतं.
हे तिला सांगितलं, सगळं, कितीला विकलं तेही.
तिनं ऐकून घेतलं. जांभई दिली.
आणि स्टोव्हखाली गेली,
या वेळी शेपूट बाहेर ठेवून.